आगीसाठी ठेवलेल्या भाकऱ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, स्टाफरूममधल्या मैत्रिणींना नाही, आणि ज्याच्यासाठी सोमवार धरते त्या महादेवालाही नाही. त्याला ठाऊक असणारच, पण माझ्या तोंडून नाही. तुम्हाला सांगते. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून जमेल बहुतेक.

आणि वाचताना तुम्हाला हसू येईल, हेही आधीच सांगून ठेवते. मलाही येतं. तीच तर पंचाईत आहे. गोष्ट इतकी मजेची आहे की तिच्यात कुणाला काही लागलं असेल असं वाटतच नाही. आमच्या शाळेत ती अजून सांगतात — दरवर्षी, गॅदरिंग आलं की. मी पण सांगते. अगदी हातवारे करून सांगते. फक्त मी जी सांगते, ती खरी नाही.

सोलापुरात, शुक्रवार पेठेच्या अंगाला आमची शाळा. मी मराठी शिकवते. माझं लहानपण रेडिओवर श्रुतिका ऐकण्यात गेलं. समोर काही नसायचं, एक खोकं आणि त्यावर आईनं विणलेला रुमाल, पण दार करकरलं की मी आमच्याच दाराकडे बघायची. अठरा वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला हे सगळं रंगवून सांगितलं, तर इरफान नावाचा एक पोरगा म्हणाला, "बाई, दिसतच न्हाय तर बघायला कोन येनार?" झालं. मी हट्टाला पेटले. गॅदरिंगला श्रुतिकाच करायची!

स्टेजवर पडदा, पडद्यामागे मुलं आणि दोन माइक. हॉलमध्ये भरदुपारी अंधार करायचा, म्हणून खिडक्यांना चादरी. आमच्या गावात चादरींना काय तोटा? प्रत्येकानं घरून एकेक आणली आणि हॉलमध्ये लाल-हिरवा उजेड पडला. नाटक मीच लिहिलं. उजनीच्या पाण्याकाठचे दोन भाऊ, बांधावरून बोलणं बंद. मग थोरल्याच्या उसाला आग लागते आणि धाकटा आपली पाण्याची मोटार घेऊन धावतो. एवढंच. पण आवाज किती होते त्यात! पावसाला सुपात ज्वारी घोळवायची. होडीला बादलीत हात. गडगडाटाला पत्रा. मोटारीला स्वतः इरफान — तो तोंडानं अशी फटफट काढायचा की पडद्याआडून डिझेलचा वास यायचा. बैलगाडीचं चाक काही केल्या जमेना, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की हेडसरांची फिरती खुर्ची अगदी तशीच कुरकुरते. खुर्ची मागायला मीच गेले. सरांनी ती दिली आणि तालमीचे दहा दिवस ते स्टुलावर बसले. असे दिवस पुन्हा आले नाहीत हो. शाळा सुटली तरी मुलं घरी जायची नाहीत. भिंतीला, घंटेला, पाण्याच्या टाकीला कान लावून फिरायची.

आणि या सगळ्या आवाजांची मुख्य होती शिवलीला.

शिवलीला घरात कानडी बोलायची, शाळेत मराठी, आणि दोन्हींत कमीच बोलायची. पण तिचे कान! तिनं एकदा डोळे मिटून स्टाफरूममधले सगळे शिक्षक नुसत्या चपलांवरून ओळखले होते. अंगानं भरलेली, हसरी. मधल्या सुट्टीत डबा सगळ्यांच्या आधी हिचा उघडायचा आणि सगळ्यांच्या शेवटी मिटायचा. पोरं चिडवायची, तीही हसायची. खाण्याची आवड होती तिला. त्यात लपवण्यासारखं काय आहे? — तेव्हा काहीच नव्हतं.

सगळे आवाज जमले, एक सोडून. आग. उसाचा फड पेटतो तेव्हा कसा तडतडतो, हे आमच्या निम्म्या मुलांनी मामाच्या गावाला ऐकलेलं. त्यांना फसवणार कसं? इरफाननं खरं पाचट आणलं. माइकपुढे चुरगाळलं, तर कुणी तरी खाटेखाली चपला शोधतंय असं वाटलं. बिस्किटाचा कागद वाजवला, तो बिस्किटाच्या कागदासारखाच वाजला. मी आगच काढून टाकायच्या बेतात होते. पण आग काढली तर भाऊ बोलणार कसे?

मग एक दिवस मधल्या सुट्टीत माइक चालू राहिला आणि शिवलीला पडद्यामागे डबा घेऊन बसली. तिच्या डब्यात कडक भाकरी होती. तिची आई घरी कडक भाकऱ्या करून दुकानात द्यायची — मंगळवेढ्याची ज्वारी, कागदासारखी पातळ भाकरी, शेकून-वाळवून पापडासारखी केलेली. शिवलीलानं एक घास तोडला आणि अख्ख्या हॉलमध्ये ऊस पेटला. तड्. कर्र. तडतड. हॉलच्या दुसऱ्या टोकाहून इरफान ओरडला, "बाई, पेटलं की!" आम्ही सगळे नाचलो. मी सुद्धा, पदर खोचून.

तिच्या आईला कळलं तेव्हा तिनं आमच्यासाठी वेगळ्या भाकऱ्या केल्या. नेहमीपेक्षा पातळ, जास्त वाळवलेल्या. सहा. चार तालमीत मोडल्या, दोन कार्यक्रमासाठी ठेवल्या. पत्र्याच्या डब्यात, प्रयोगशाळेच्या कपाटात, कुलपात. सोबत शेंगाच्या चटणीची पुडी, मोडलेली भाकरी पोरांना खाता यावी म्हणून. कार्यक्रमाला ती माउली खास येणार होती. आयुष्यात पहिल्यांदा शाळेच्या हॉलमध्ये बसणार होती, आपली भाकरी माइकवर ऐकायला.

आता येतेय बघा मी मुद्द्यावर. अजून थोडं फिरू द्या.

गॅदरिंग सोमवारी होतं. सोमवारचा माझा उपास. आणि नुसता उपास नाही, माझ्या उपासाची शाळेत ख्याती होती. साबुदाणा नाही, केळं नाही, चहासुद्धा नाही. संध्याकाळी सिद्धेश्वराचं दर्शन घेऊनच तोंडात घास. बाकीच्या बायका खिचडीचे डबे उघडायच्या तेव्हा मी त्यांच्याकडे जरा वरूनच बघायची. ही माझी ऐट. ऐट नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. एक वाजता हॉलमध्ये जाऊन "पोरांनो, मी तुमची आग खाल्ली" म्हटलं असतं तर पोरं पोट धरून हसली असती आणि विषय संपला असता.

हो. मी खाल्ली.

सकाळी सहापासून शाळेत होते. साडेबारा वाजले. मुलं जेवायला गेली आणि मी सामान राखत प्रयोगशाळेत एकटी. पोटात कावळे नुसते ओरडत होते. भाकऱ्या धड आहेत ना, एवढंच बघायला डबा उघडला. खरंच एवढंच. तर ज्वारीचा तो खरपूस वास. एकीचा कोपरा जरा निघालेला होता. तो तेवढा जिभेवर ठेवला. कोपरा तुटलाच आहे म्हटल्यावर शेजारचा तुकडा. मग चटणीची पुडी दिसली. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी — तुम्ही सोलापूरचे असाल तर पुढचं सांगायची गरज नाही, नसाल तर सांगून कळायचं नाही. एक संपली तेव्हा मनात म्हटलं, आगीला एक पुरेल. दुसरी कधी संपली ते कळलं नाही. कपाटाजवळ उभी राहून खाल्ली, खिडकीकडे पाठ करून, आवाज होऊ नये म्हणून तुकडे तोंडात भिजवून भिजवून. ज्या भाकरीचा आवाज व्हावा म्हणून आम्ही तिची पूजाच करायची बाकी ठेवली होती, ती मी बिनआवाजाची खाल्ली! डब्यात चुरा उरला. डबा बंद केला, कुलूप लावलं.

मग शिवलीला जेवून आली. मी किल्ली तिच्या हातात दिली. म्हटलं, "डबा तुझ्या ताब्यात."

किल्लीचं मी पुन्हा बोलणार आहे. आता नाही.

अडीच वाजता तिनं डबा उघडला. मुलं भोवती जमलेली. पडद्यापलीकडे हॉल भरलेला, पहिल्या रांगेत हेडसर, आणि बायकांच्या बाजूला शिवलीलाची आई, नवं लुगडं नेसून. शिवलीला डब्यात बघत राहिली. मग इरफान हसत म्हणाला, "खाल्लीस व्हय गं?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण सगळे हसले आणि एकदम सगळ्यांना ते पटलं. डबा तिच्याकडे, किल्ली तिच्याकडे, भूकही तिचीच. ती म्हणाली, "न्हाय बाई. शपथ. मी न्हाय." आणि माझ्याकडे बघितलं.

माझ्या नखांत चटणी होती. लाल. मी हात पदरात घेतला.

त्या क्षणी दोन शब्द बोलले असते तर? मी दोनच बोलले. म्हणाले, "असू दे." आणि पुढे, अगदी मऊ आवाजात, "भूक लागते माणसाला. तिला कुणी काही बोलायचं नाही."

कळतंय ना, मी काय केलं? नुसतं तिच्यावर ढकललं नाही. तिला माफ केलं! माझी चूक तिच्या अंगावर घातली आणि वर मोठ्या मनानं क्षमा केली. मुलं माझ्याकडे अशी बघत होती की जणू देवीच उभी आहे समोर. शिवलीलानं रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. माफ केलेल्या माणसानं भांडायचं तरी कसं?

पण रडत बसली नाही ती. पुढची दहा मिनिटं मला आजही सण आल्यासारखी आठवतात. डोळे पुसत ती मागच्या दारानं पळाली, फाटकाजवळच्या शेंगावाल्याकडून भाजलेल्या शेंगांची अख्खी पाटी घेऊन आली. पाठोपाठ शेंगावालाही आला, आपली पाटी चालली कुठं म्हणून. तिनं प्रत्येकाच्या मुठीत शेंगा भरल्या. शेंगावाल्याच्याही. आगीचा प्रसंग आला तशी बत्तीस मुलं, मी आणि तो, माइकभोवती कोंडाळं करून उभे. आधी एकट्या शिवलीलानं एक शेंग फोडली. तड्. मग दोघांनी. मग चौघांनी. ती हातानं खुणा करत होती — हळू, हळू, आता हिकडून, आता तिकडून — आणि मग तिनं दोन्ही हात वर केले आणि सगळ्या मुठी एकदम आवळल्या.

काय सांगू! तसा फड खऱ्या शेतातसुद्धा पेटत नसेल. हॉलमध्ये मागच्या रांगेतले एक आजोबा "पानी आना रे, पानी!" म्हणत उठून उभे राहिले. इरफानची मोटार सुरू झाली, धाकट्या भावानं हाक मारली, "दादा, सर बाजूला!" आणि बायकांच्या बाजूनं हुंदके ऐकू आले. पडदा वर गेला तेव्हा लोकांना दिसली शेंगांच्या टरफलांत घोट्यापर्यंत बुडालेली पोरं-पोरी, हेडसरांची खुर्ची आणि दाणे खात उभा असलेला शेंगावाला. टाळ्या थांबेनात. मीही वाजवत होते, नखं आत दुमडून. आयुष्यात इतकी खूश मी क्वचितच झालेय. लाजेनं मेले होते म्हणाले तर ते खोटं होईल. तेव्हा लाज कुठं होती? आनंदच होता.

लाज नंतर आली. हेडसरांनी माइक घेतला आणि भाकरीची गोष्ट सगळ्या हॉलला सांगितली. कौतुकानंच. मुलीनं भुकेपोटी आग खाल्ली, बाईंनी सांभाळून घेतलं, मुलीनं शेंगांवर भागवलं. हॉल हसला, टाळ्या पडल्या. मग तिची आई माझ्याकडे आली. हात जोडून. "बाई, माफी करा. घरात खायाला कमी न्हाय हो तिला. सकाळीच दोन भाकऱ्या खाऊन आली हुती." हळू बोलत होती, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. आपली पोर उपाशी असते असं लोकांना वाटलं असेल, या शरमेनं तिची मान वर होत नव्हती. तिच्या भाकऱ्या माझ्या पोटात होत्या. आणि मी म्हणाले — पुन्हा — "असू दे."

संध्याकाळी मी देवळात गेले. दर्शन घेतलं. घरी येऊन उपासही सोडला.

त्यानंतर शिवलीलानं वर्गात डबा उघडला नाही. मधल्या सुट्टीत नळाकडच्या भिंतीला तोंड करून चार घास खायची. विचारलं तर म्हणायची, "भूक न्हाय, बाई." मुलं तिला 'आगखाऊ' म्हणायची. लाडानं म्हणायची, पण म्हणायचीच. पुढच्या वर्षी श्रुतिकेत ये म्हटलं, तर दहावी आहे म्हणाली. असेलही. मी फार आग्रह केला नाही.

यंदा माझं शेवटचं गॅदरिंग. मे महिन्यात रिटायर होतेय. नव्या मुलांनी हट्ट धरला की तेच नाटक करायचं, आणि भाकरी कशी मोडायची ते शिकवायला शिवलीलाताईलाच बोलवायचं. ती आली. आता तिच्याकडे आठ बायका कामाला आहेत, तिच्या कडक भाकरीचे डबे पुण्यापर्यंत जातात. तशीच भरलेली, तशीच हसरी. मुलांच्यात जमिनीवर बसली, माइकपुढे भाकरी मोडून दाखवली. तड्. कर्र. पोरं नाचली, मीही टाळ्या वाजवल्या. मग एका मुलीनं विचारलं, "ताई, तुमी खरंच आग खाल्लेली का?"

ती हसली. म्हणाली, "व्हय की! पैल्यांदा मी लई रडले, न्हाय न्हाय म्हनत हुते. पन बाईच म्हनाल्या म्हटल्यावर मीच खाल्ली असनार की. बाई कशाला खोटं बोलतील? आता तर मला आटवतंय बी. कपाटाजवळ हुबी राहून, चटणीसंगट. बाईंचं मन लई मोठं. चार लोकांत मला संबाळून घेतलं."

मुलं माझ्याकडे बघायला लागली. तशीच, जशी तेव्हाची बघत होती. मी हसले.

जाताना तिनं दोन भाकऱ्या वेगळ्या कागदात बांधल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. "आज सोमवार, तुमचा उपास. उद्या खावा." अठरा वर्षांत माझा सोमवार ती विसरली नव्हती.

किल्लीचं राहिलं. इतकी वर्षं मी स्वतःला विचारत आले — किल्ली तिच्या हातात सहज दिली, की ठरवून? सहज दिली, सहज दिली, असंच उत्तर देत आले. ते खरं नाही. ती दारातून आत येताना मला दिसली आणि त्याच क्षणी मनात आलं: हिनं खाल्ली म्हटलं तर सगळ्यांचा विश्वास बसेल. मग मी किल्ली दिली.

शिवलीलाचं नाव मी इथे बदललेलं नाही. तिनं वाचलं तर तिला कळावं. अठरा वर्षांपूर्वीच्या त्या दोन्ही भाकऱ्या मी खाल्ल्या, सोमवारी, उपास असताना. तिनं एक तुकडाही खाल्ला नव्हता. त्या दिवशी तिला खरं ठाऊक होतं, ती शपथेवर तेच सांगत होती, आणि आज तिला ते आठवत नाही.